जावेच्या वेलावरच्या पाकोळ्या

माझ्या थोरल्या जावेनं वाळकी काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, असं गावात म्हणत. माझ्यासमोर म्हणायचं काही कारण नव्हतं, पण म्हणत. आडावर म्हणत, हळदीकुंकवाला म्हणत, कुणाच्या बारशाला गेलं तरी तेच. मी हसून मान डोलवायचे आणि हातातली घागर जरा जोरात टेकवायचे.

आमचं गाव कुंडलपासून जवळ. रान काळं, ऊस आणि शाळूचं. मी माहेरची वाईकडची, लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाई वारलेल्या होत्या आणि घरातल्या बाईमाणसाचा सगळा मान जावेकडं होता. तिला मी अक्का म्हणायचे. अक्का उंच, अंगानं भरलेली, हसली की तिसऱ्या घरात ऐकू जायचं. तिला पोरंबाळं होती, तिच्या हाताला सोकावलेली दुभती म्हैस होती, आणि मुख्य म्हणजे तिचा नवरा घरात होता. रोज संध्याकाळी अंगणातल्या बाजेवर आडवा व्हायचा आणि घोरायचा. ते घोरणं ऐकत मी भाकरी थापायचे. मला त्या घोरण्याचासुद्धा हेवा वाटायचा. हसायचं असेल त्यानं हसावं.

माझे हे लढाईवर होते. वडलांना न विचारता साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झाले आणि ब्रह्मदेशाच्या बाजूला गेले. तेव्हा आमच्याकडच्या गावांतून चळवळीचं वारं होतं. शेजारपाजारची पोरं साहेबाच्या सरकारशी भांडत होती, आणि आमच्या घरातलं एक माणूस त्याच साहेबाची बंदूक खांद्यावर घेऊन गेलेलं. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पारावर बसायची चोरी झाली. त्यांनी धाकट्या मुलाचं नाव टाकलं. मोठे दीर बापाच्या धाकानं नाव घेत नसत. मी तर बायको. त्या काळी बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, सणासुदीला. त्यामुळे घरातून माणूस गेलं ते गेलंच, त्याचं नावही कुणाच्या तोंडून निघेना. महिनोन् महिने मी ते नाव ऐकलं नव्हतं.

अशात आमच्या देवळातल्या वीणेच्या भोपळ्याला तडा गेला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सप्ताहाचे सात दिवस देवळात वीणा उभी असते. एक माणूस दमला की दुसऱ्याच्या गळ्यात, दुसरा दमला की तिसऱ्याच्या, पण ती खाली टेकवायची नाही. आमच्या गावची आणखी एक रीत होती. वीणेला ज्या घरचा भोपळा, त्या घरच्या बाईनं पहिल्या दिवशी सगळ्या गावासमोर उभं राहून सांगायचं, की हा भोपळा अमक्याच्या नावानं दिला. मग ते सात दिवस वीणा त्या माणसासाठी उभी राहते असं समजत. मामंजी वीणेकरी. ते मिरजेला गेले, तंबोरे करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून कडू भोपळ्याचं बी घेऊन आले, आणि दोघी सुनांच्या ओंजळीत अर्धं अर्धं टाकलं. म्हणाले, "जिचा चांगला येईल, तिचा जाईल."

मी ते बी मुठीत घट्ट धरलं. माझ्या वेलाचा भोपळा गेला तर मी गावासमोर, मामंजींसमोर उभी राहून म्हणू शकणार होते, "माझ्या घरधन्यांच्या नावानं." मग त्यांना ऐकून घ्यावंच लागलं असतं. आणि दुसरंही होतं. वीणा सात दिवस खाली टेकली नाही, तर हेही तिकडं कुठं खाली पडणार नाहीत, असं माझ्या मनानं घेतलं होतं. यात शहाणपण किती ते मला विचारू नये. ज्यांचं माणूस लढाईवर गेलंय त्यांना विचारावं.

अक्काला तो भोपळा कशाला हवा होता? तिचा माणूस बाजेवर घोरत होता.

आमची चूल एक, पण घरामागचं परसू वाटून दिलेलं. मधे गुडघाभर उंचीची दगडांची ताल. आडाकडची बाजू तिची, गोठ्याकडची माझी. आषाढात दोघींनी बी टोकलं. मी खड्ड्यात कुजकं शेणखत घातलं, राख घातली, पाणी मोजून मापून दिलं. अक्कानं काय केलं? बोटानं भोक पाडलं, बी टाकलं आणि म्हशीकडं गेली. दोन्ही वेल सारखेच चढले. खरं सांगायचं तर माझा जास्तच. पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी, हिरवीगार, लवदार. मामंजी एकदा थांबून बघून गेले. त्या दिवशी मी अक्काकडं बघून पहिल्यांदा मोकळी हसले असेन.

मग फुलं आली. आधी लांब देठाची, जी नुसतीच फुलतात. मग ज्यांच्या बुडाशी इवलासा भोपळा घेऊनच येतात ती. अक्काच्या वेलावरचे ते इवले भोपळे फुगायला लागले. माझ्या वेलावरचे पिवळे पडले आणि गळले. दुसरे आले, गळले. रोज सकाळी मी उठून बघावं तर बोटाएवढं पिवळं काहीतरी मातीत पडलेलं असायचं. तिकडं तालीपलीकडं अक्काचा भोपळा पेरवाएवढा झाला, मग तांब्याएवढा.

आणि अक्का काय करायची? रोज सकाळी तालीवर पाय टेकवून माझ्या वेलाकडं बघायची आणि म्हणायची, "बाय बाय बाय! काय वेल गं तुझा धाकले! लय माजलाय. माझ्या वेलाला न्हाईत असली पानं."

झालं. मला कळलं काय झालंय ते. दृष्ट.

तिचीच. दुसऱ्या कुणाची असणार? सगळं असणाऱ्या माणसाची दृष्ट फार वाईट, असं माझी आई म्हणायची. मी त्याच दिवसापासून वेलाची दृष्ट काढायला लागले. दिवेलागणीला, कारण दृष्ट काढायची वेळ तीच. खापरात निखारे घ्यायचे, त्यावर मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या, लसणाची सालं आणि वरून मूठभर ओला कडुलिंबाचा पाला. ते खापर वेलाच्या बुडाशी ठेवायचं आणि धूर सगळ्या फुलांतून फिरेल असं सुपानं वारा घालायचा. ठसका असा लागायचा की डोळ्यांतून पाणी. गोठ्यातली बैलं शिंकायची. अक्काची पोरं खोकत अंगणात पळायची.

आता कुणीही सांगेल, मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट लागलेली नव्हतीच. लागलेली असली की मिरच्या जळतात पण वास येत नाही. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मी म्हटलं, ही दृष्ट साधी नाही, हिला मिरच्या कमी पडताहेत. दुसऱ्या दिवशी जास्त घातल्या.

वेलाला भोपळे लागेनात ते लागेनातच. उलट आता एकही धरेना.

मग मला वाटायला लागलं की अक्का काहीतरी करत असणार. मुळाशी काही घालते, नाहीतर कुणाकडून काही पुरून घेतलंय. एवढं फळ कुणाला फुकट मिळत नाही. सकाळभर मी तिच्यावर नजर ठेवली, दुपारभर ठेवली. तिचं म्हणून काही सापडलं नाही, पण परसातला दिवस मात्र माझा पाठ झाला. सकाळी तांबड्या भोपळ्याचं पिवळं फूल तोंड उघडायचं, त्यात मधमाश्या इतक्या शिरायच्या की बाहेर निघताना त्यांचं अंग पिवळं झालेलं असायचं. ऊन चढलं की ते फूल मिटायचं आणि माश्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर जायच्या, तुळशीचा वास उन्हातच सुटतो म्हणून. दुपारी काळे भुंगे गुणगुणत शेवरीवर यायचे. बांधावरच्या झेंडूला मात्र गुरंही तोंड लावत नसत आणि किडेही जरा लांबूनच जात. जो तो आपल्या वासाच्या मागं, आपल्या वेळेला. आणि आमचा कडू भोपळा? दिवसभर त्याची फुलं मिटून मुकाट बसलेली. कोण येणार त्यांच्याकडं?

संध्याकाळी काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. कुठल्याच बाईला ठाऊक नसतं. दिवेलागणीला बाई चुलीपाशी असते. मी खापर पेटवून, चार वेळा सूप हलवून, खोकत आत पळायचे. अक्का मात्र त्या वेळेला तिच्या बाजूला म्हशीची धार काढत बसायची. म्हणजे करायचं ते ती तेव्हाच करत असणार.

म्हणून एका संध्याकाळी मी पीठ मळून ठेवलं, माझं खापर नेहमीसारखं पेटवून वेलाखाली ठेवलं, आणि कडब्याच्या गंजीआड जाऊन बसले. वारा आडाकडून होता, धूर गोठ्याकडं जात होता, माझ्याकडं येत नव्हता. तालीपलीकडं अक्का म्हशीखाली बसलेली, तिची पाठ माझ्याकडं. दुधाची धार चरवीत वाजत होती. वेलाकडं तिचं लक्षही नव्हतं. मी वाट बघत राहिले की आता उठेल, आता काहीतरी काढेल पदराखालून.

तेवढ्यात तिच्या वेलावरचं एक फूल हललं. वाऱ्यानं नव्हे. बघता बघता त्याच्या पाकळ्या सुटल्या, चुरगळलेला रुमाल कुणी झटकून उघडावा तशा. मग दुसरं. मग सगळा वेलच पांढरा दिसायला लागला. आणि वास आला. फार नाही, मोगऱ्यासारखा नाही, थोडा ओलसर, थोडा कच्च्या काकडीसारखा, पण गोड. इतके दिवस माझ्या परसात तीच फुलं फुलत होती आणि तो वास मला पहिल्यांदा कळला. माझ्या नाकात मिरच्याच होत्या.

त्या वासावर ती आली. आमच्याकडं पाकोळी म्हणतात, शहरात पतंग म्हणतील. चांगली बोटभर लांब, भुरकी, अंगानं जाड. ती फुलावर बसली नाही. हवेतच पंख फिरवत थांबली, आणि तोंडातली गुंडाळलेली सोंड सरळ करून फुलात आत, पार तळापर्यंत घातली. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. नुसत्या फुलांवरून भोपळेवाल्या फुलांवर, तिथून परत. तिच्या मागं आणखी आल्या. आडाच्या बाजूनं, उसाच्या रानातून, कुठून कुठून. अक्काच्या अंगावरून गेल्या तरी तिनं मान वर केली नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की भोपळा का धरतो. कुणी समजावलं नाही, समजावायची गरज नव्हती. पाकोळी एका फुलातून निघाली की तिच्या तोंडाला पिवळी पूड लागलेली दिसत होती, आणि ती पूड ती पुढच्या फुलात ठेवून जात होती.

मग त्यातल्या दोन पाकोळ्या तालीवरून माझ्या बाजूला यायला निघाल्या. माझीही फुलं उघडलेली होती, पांढरी, अक्काच्यापेक्षा मोठी. पाकोळ्या तालीपर्यंत आल्या, माझ्या धुराशी पोचल्या, हेलकावे खाल्ले, आणि वळून परत गेल्या. अक्काच्या वेलावर.

कणगीत शाळू भरताना कडुलिंबाचा पाला मी स्वतःच्या हातानं घालत होते. वासानं किडा येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण कणगीत नको असलेल्या किड्याला नाक आहे तसं वेलाला हव्या असलेल्यालाही आहे, एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रोज संध्याकाळी, बरोब्बर त्याच वेळी, मी माझ्या वेलाच्या दारात मिरच्या जाळून पाहुणे हाकलत होते. पहिले काही गळले ते अक्का म्हणायची तसा वेल शेणखतानं माजला म्हणून, पण पुढचे सगळे माझ्या धुरानं. आणि हाकललेले जात कुठं होते? शेजारी. तिचा वेल दुपटीनं लागला होता तो माझ्याच मिरच्यांवर.

वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. गंजीमागून उठून मी खापरावर घागरभर पाणी ओतलं. फस्स आवाज झाला तशी अक्का वळली आणि म्हणाली, "का गं? आज लवकर इझीवलंस?"

"मिरच्या संपल्या," मी म्हणाले.

"बरं झालं. पोरं खोकून बेजार झालीती माझी."

एवढे दिवस ती धुराबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर माझ्याही वेलावर पाकोळ्या आल्या. मी भाकऱ्या करपवल्या पण रोज उभी राहून बघितल्या. फळ धरलं, पण दिवाळी टळून गेली होती. थंडी पडली, वेल बुडातून वाळायला लागला, आणि माझा एकच भोपळा तान्ह्या पोराच्या डोक्याएवढा होऊन थांबला. अक्काचा सर्वांत मोठा तिनं पेंढ्याच्या चुंबळीवर नीट बसवून ठेवलेला, घागरीएवढा, गोल, कुठं डाग नाही. पौषात मामंजी दोन्ही घेऊन आगगाडीनं मिरजेला गेले. माझा त्यांनी कशाला नेला? नेला नसता तर बरं झालं असतं. कारागिरानं दोन्हींवर बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं म्हणे. माझा उशीवर वाजवल्यासारखा वाजला. मामंजींनी हे घरी येऊन सगळ्यांच्या देखत सांगितलं, आणि तेही हसत.

सप्ताह चैत्रात होता. नवी वीणा झाली होती, तिच्या भोपळ्याला पिवळसर लाख चढवलेली, त्यावर बारीक वेलबुट्टी. देवळात माणूस मावत नव्हतं. पुढं पुरुष, त्यात चळवळीतले होते, पलटणीच्या नावानं कपाळाला आठ्या घालणारे होते. मागं आम्ही बायका. अक्का हिरवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन उभी राहिली. मी तिच्या मागं. मला वाटत होतं ती आता पोरांची नावं घेईल, थोरल्याचं घेईल, नाहीतर नवऱ्यासाठी मागेल. काय कमी होतं तिला मागायला? मी मनात म्हणत होते, माग बाई, अजून माग.

अक्कानं नारळ वीणेपुढं धरला आणि तिच्या त्या तिसऱ्या घरात ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "ह्यो भोपळा माझ्या धाकल्या दिराच्या नावानं दिला. लढाईवरनं सुखरूप परत येऊ दे." आणि तिनं नाव घेतलं. पूर्ण. त्यांचं, बापाचं, आडनावासकट. वहिनीला नाव घ्यायला बंदी नसते.

मामंजी वीणेकडं बघत राहिले. मग त्यांनी ती उचलून गळ्यात घातली, तार छेडली, आणि त्यांचा आवाज पहिल्या ओळीलाच फाटला.

सगळ्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मीही पुसले. पण खरं काय ते लिहिते. ते वाक्य माझं होतं. आषाढापासून मी ते मनात घोळवत होते, आणि माझ्या तोंडून ते निघालं असतं तर "घरधनी" एवढंच निघालं असतं. ती मात्र नावानिशी म्हणाली. महिनोन् महिन्यांनी मला नवऱ्याचं नाव ऐकू आलं ते तिच्या तोंडून.

हे परत आले. लढाई संपल्यावर, हडकुळे झालेले, रंग काळवंडलेला, हातात पत्र्याची पेटी. ते आल्याची वर्दी घरात आली तेव्हा मी धावत भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घ्यायला आत गेले. येणाऱ्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. तो ओवाळायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. मी आत पोचेपर्यंत अक्का तो घेऊन उंबऱ्यात उभी होती.

मामंजींच्या पाया पडून ते तिच्याच पाया पडले. "वैनी, सगळं कळलं मला गावाच्या येशीतच," ते म्हणाले. "तुमच्या भोपळ्यानं आणलं बगा मला."

अक्का हसली. मग तिनं मागं वळून तांब्या आणि भाकरी माझ्या हातात दिली. "घे धाकले. तुझा मानूस हाय, तूच ववाळ."

मी ओवाळलं. पाणी निम्मं माझ्याच पायावर सांडलं. माझा नवरा समोर जिवंत उभा होता, आणि तोही मला तिनंच दिला होता.